पाहुण्याला तारीख विचारू नये

बिआकाचा फोन आला तेव्हा रुआती बाबांच्या ओठांना ओलं फडकं लावत होती.

"तुझे काका अजून तुझ्याकडेच आहेत ना?" त्यानं विचारलं.

"मग कुठं जातील? का रे?"

"आज बुधवारी परत जायला हवेत. इथं यंत्रात त्यांचं नाव लाल झालंय. चारला फाटक बंद होतं, तुला माहितीये."

"काहीतरी घोळ आहे तुझा. काका शनिवारी आलेत. सात दिवसांचा पास. म्हणजे शुक्रवार."

"तुझ्या घरी शनिवारी आले असतील. फाटकातनं गुरुवारी सकाळी आत आलेत, मीच अंगठा घेतलाय." बिआकानं आवाज खाली घेतला. "मी असा फोन करायचा नसतो खरं तर. पण यजमान म्हणून सही तुझी आहे, रुआती. नंतर म्हणू नकोस सांगितलं नाही म्हणून."

फोन बंद झाला. फडक्यातलं पाणी उशीवर ठिबकत होतं, तिकडं तिचं लक्षच नव्हतं. पलंगाच्या पायथ्याशी रोखुमाकाका बसले होते, शनिवारपासून बसले होते तसेच, थोरल्या भावाची पावलं मांडीवर घेऊन चोळत. पावलं गार पडत चालली होती आणि काका ती चोळायची थांबत नव्हते. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते.

आता हे पासाचं प्रकरण सरहद्दीवरच्या तियाउच्या काठाला तसं नवंच. नदी ती केवढी, उन्हाळ्यात बकरीसुद्धा पाय न भिजवता पलीकडं जाईल. अलीकडच्या बायका आणि पलीकडच्या बायका एकाच दगडावर धुणं आपटत भांडायच्या, आणि संध्याकाळी एकीच्या घरचं मोहरीच्या पाल्याचं कालवण दुसरीच्या घरी जायचं. बंडाच्या त्या अशांत वर्षांत इकडं गावं रिकामी झाली तेव्हा झुआला, म्हणजे रुआतीचे बाबा, आणि रोखुमा हे दोघं भाऊ आईचं बोट धरून पलीकडंच पळाले होते. शांतता झाली, झुआला परत आला. रोखुमा मात्र तिकडच्या एका पोरीच्या मागं लागून तिकडंच राहिला. सासुरवाडीला राहिलेला हा माणूस पुढं ब्रह्मदेशी झाला, म्हणजे बूड न हलवता परदेशी झाला. दोघा भावांना याचं फार हसू यायचं. "आला बघा आमचा परदेशी," असं म्हणून झुआला त्याला हाताला धरून घरात घ्यायचा.

मग तिकडं लढाई पेटली. लोंढेच्या लोंढे आले. त्यांच्याबरोबर नको ती नशेची पुडकी आली, गावातली दोन-चार पोरं त्यापायी मातीत गेली. तेव्हा सरकारनं जुने कायदे गुंडाळले आणि नवे आणले. परका माणूस कोण, कुठला, किती दिवस, कुणाच्या घरी, सगळं यंत्रात. अंगठा द्यायचा, फोटो द्यायचा, पास घ्यायचा. नदीपासून दहा किलोमीटरच्या आत राहायचं आणि सातव्या दिवशी फाटक लागायच्या आत बाहेर पडायचं, पुढचा पास महिन्यानंतर. ज्याच्या घरी उतरणार त्यानं यजमान म्हणून सही करायची. पाहुणा उशिरा गेला तर पाहुण्याचा अंगठा कायमचा बंद आणि यजमानाच्या मागं चौकशी. गावात काहीजण या कायद्याला शिव्या घालायचे आणि शेजारच्या तेईमावशीसारखी माणसं म्हणायची, बरं झालं, आधी कोण आला कोण गेला कुणाला पत्ता नव्हता. दोघांचंही खरं होतं आणि पंचाईत ती हीच.

रुआती सरकारी शाळेत मास्तरीण. चौकशी लागली तर नोकरीवर येणार, हे तिला कळत होतं. पण नोकरीचं तिनं सोसलंही असतं. काकांच्या काळजाच्या गोळ्या फाटकाजवळच्या सरकारी दवाखान्यातनं मिळायच्या, दर महिन्याला. पलीकडचा दवाखाना लढाईत कधीचा बंद पडलेला, तिथल्या डॉक्टरच्या खुर्चीवर आता कोंबड्या बसायच्या. काकांचा अंगठा बंद म्हणजे गोळ्या बंद. आणि गोळ्या बंद म्हणजे काय, ते सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

तिनं काकांना खूण करून चुलीपाशी बोलावलं.

"काका, तुम्ही गुरुवारी आलात?"

काकांनी खाली बघितलं. सत्तरीचा माणूस, पण चोरून गूळ खाताना सापडल्यासारखा चेहरा झाला.

"कुणी सांगितलं?"

"बिआकानं. यंत्रात आहे. गुरुवार सकाळ ते शनिवार संध्याकाळ कुठं होतात तुम्ही? फाटकापासून इथवर यायला सुमोला अर्धा तास लागत नाही."

"फाटकाच्या गावात एक म्हातारी गेली होती," काका म्हणाले. "मी सुमोत बसणार, तेवढ्यात पोरं पहारी घेऊन टेकडीकडं निघालेली दिसली. मग ठेवली पिशवी चहावाल्याकडं आणि गेलो."

"ओळखीची होती?"

"छे. नावसुद्धा नंतर कळलं. जागा सगळी खडकाची, दोन्ही दिवस खणावं लागलं. मग मूठमाती झाल्यावर त्या रात्री त्यांच्या घरातनं उठायचं कसं? शनिवारी त्यांना सांगून निघालो."

रुआतीच्या डोक्यात तिडीक गेली. "तुमचा सख्खा भाऊ इथं शेवटच्या घटका मोजतोय, आणि तुम्ही कुठल्या कोण बाईचं थडगं खणत बसलात? हातात सात दिवस होते, काका. त्यातले दोन तुम्ही तिकडं पुरून आलात."

"मग काय करू? खणणाऱ्यांच्या समोरनं पिशवी हलवत निघून जाऊ? तुझ्या आजीनं वर गेल्यावर माझ्या थोबाडीत दिली असती." काकांचा आवाज चढला नाही. "आणि आपलंही माणूस जायचंय, पोरी. दुसऱ्याचं खणल्याशिवाय आपलं खणायला कुणाला कसं सांगायचं?"

असंच तर तिलाही लहानपणापासून शिकवलेलं. मेलेल्याच्या दारावरनं तसंच पुढं जायचं नाही, हे आमच्याकडं पोराला चालायला यायच्या आधी कळतं.

"बरं, मग आल्या आल्या सांगायचं तरी. पास बुधवारपर्यंतच आहे म्हणून."

"कसं सांगू? आजारी भावाच्या घरात पाऊल टाकायचं आणि म्हणायचं, मला बुधवारी परत जायचंय? म्हणजे काय झालं? म्हणजे दादाला म्हणायचं, बाबा रे, तुझं काय ते बुधवारच्या आत आटप." काकांनी मान हलवली. "तू तरी कुठं विचारलंस?"

आता बोला. पाहुण्याला 'कधी आलात' विचारत नाहीत आणि 'कधी जाणार' तर नाहीच नाही. विचारलं की दार दाखवलं असा त्याचा अर्थ. तिनं अंदाजानं हिशेब केला, काका गप्प बसले, आणि दोघंही आपापल्या जागी सभ्य राहिले. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगाच नाही.

"मी जाणार नाही," काका म्हणाले. "करू देत अंगठा बंद."

"आणि गोळ्या?"

"सत्तर वर्षं काय गोळ्यांवर जगलो?"

ते परत जाऊन पलंगाच्या पायथ्याशी बसले. खोलीत चार-सहा माणसं होती. जाणाऱ्याच्या घरी शेजारी असतातच, कुणी चहा करतं, कुणी नुसतं भिंतीला टेकून बसतं. तेईमावशी उशाशी बायबल घेऊन बसली होती, चष्मा नसल्यानं न वाचता. बाबांचा श्वास यायचा, मग थांबायचा, मग सगळ्या खोलीचा थांबायचा, आणि पुन्हा यायचा. सकाळी दवाखान्याची बाई येऊन सांगून गेली होती, आज नाहीतर उद्या.

रुआतीला एक विचार शिवला आणि तिची तिलाच लाज वाटली. चारच्या आत बाबा गेले तर? निदान काका जवळ असताना जातील. पण लगेच तिच्या ध्यानात आलं की उलट तेच सगळ्यात वाईट. बाबा गेले की हे मयताचं घर. मयताच्या घरातनं मूठमाती होईपर्यंत सख्खा भाऊ उठून जात नाही, कुणी मानेवर सुरी ठेवली तरी नाही. मूठमाती उद्या दुपारशिवाय होत नाही. म्हणजे काकांना घालवायचं तर बाबांच्या मरणाच्या आधी घालवायला हवं. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि बापाच्या छातीकडं बघत मनातल्या मनात म्हणू लागली, बाबा, थांबा. चारपर्यंत थांबा.

पण सांगणार कोण? त्या घरातनं आजवर कुणी कुणाला 'जा' म्हटलेलं नव्हतं. एकदा एक कोंबडीचोर मुक्कामाला येऊन राहिला होता, सगळ्या गावाला माहीत होतं, त्यालाही झुआलानं आपण होऊन निघेपर्यंत जेवू घातलं होतं. आणि जाताना बरोबर कोंबडी दिली होती.

घड्याळात दोन वाजले. रुआती पुढं झाली.

"काका," ती म्हणाली, आवाज तिचा तिलाच परका वाटला. "उठा. तुम्ही जा."

चहाचे पेले हातातल्या हातात राहिले.

"रुआती," तेईमावशी हळूच म्हणाली, "जीभ झडेल गं तुझी. कुणाला काय बोलतेस?"

"मला कळतंय मी काय बोलतेय. आज गेले नाहीत तर पुन्हा कधी येता येणार नाही त्यांना. गोळ्यांनासुद्धा नाही. बाबा तर जाणारच आहेत, मावशी. मी दोघांनाही का घालवू?"

हे ती बाबांच्या उशाशी उभी राहून बोलली. बोलून गेल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला.

काका हलले नाहीत. पावलं चोळत राहिले. "ओरडू नकोस पोरगीला, तेई," एवढंच म्हणाले. "तिचं बरोबर आहे. पण मी बसतो."

आणि मग पलंगावरनं आवाज आला. दोन दिवसांत न आलेला, खरखरीत, पण झुआलाचाच.

"रोखु."

काका उठून उशाशी वाकले. "आहे, दादा. इथंच आहे."

"थंडी वाजतेय."

रुआती गोधडी ओढायला लागली, तशी बाबांनी बोटं हलवली. ती नको.

"पिशवीत आहे ते घाल," बाबा म्हणाले.

खोलीतल्या प्रत्येकानं दुसरीकडं बघितलं. बाकाखाली काकांची खाकी पिशवी शनिवारपासून पडली होती आणि तिच्यात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटच्या भेटीला येणारा भाऊ मेल्यावर अंगावर घालायचं पुआन घेऊनच येतो, घरी मागावर विणलेलं जाड वस्त्र. सख्ख्या भावाचं सगळ्यात आत, अंगाला लागून, आणि बाकी सोयऱ्याधायऱ्यांची त्यावर. पण ते श्वास असेतोवर पिशवीबाहेर काढत नाहीत. दाखवत नाहीत, बोलत नाहीत. पिशवीत कपडे आहेत, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं.

"दादा, ते..." काका म्हणाले.

"मेल्यावर घालून मला काय कळणारंय?" बाबा म्हणाले. मध्ये श्वास घ्यायला थांबले, बराच वेळ. "आत्ता घाल. आत्ता थंडी आहे."

काकांनी पिशवी ओढली. गाठ रुआतीनं सोडली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड पुआन निघालं, धुराचा आणि घरातल्या तांदळाचा वास असलेलं. काकांनी ते झटकलं, भावाच्या गळ्यापासून पावलांपर्यंत घातलं, खांद्याखाली खोचलं, जसं लहान पोराला खोचतात. तेईमावशी शालीच्या टोकानं डोळे पुसत होती. शाल पुरेना.

बाबांनी बोटांनी कापड चाचपलं. "मुआनीनं विणलं?"

मुआनी म्हणजे काकांची बायको, तीच ती, जिच्यापायी काका परदेशी झाले. वारून दोन पावसाळे झाले होते तिला.

"हो. जायच्या आधी विणून ठेवलं होतं. म्हणाली, तुमच्या भावाला लागेल."

"पट्टे वाकडे आलेत."

"तिचे नेहमीच वाकडे यायचे, दादा. नजर कुठं होती तिला."

"नजर नव्हती म्हणून तर तुझ्याशी लग्न केलं," बाबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा किंचित हलला. काका हसले आणि हसता हसताच भावाच्या छातीवर डोकं टेकून रडायला लागले. भिंतीला टेकलेली माणसंही रडायला लागली. बाबांचा हात पुआनाखालनं निघून काकांच्या पाठीवर आला.

"ऊब आली," बाबा म्हणाले. "आता जा. फाटक लागेल."

म्हणजे त्यांनी पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं.

काकांनी डोळे पुसले. भावाचा हात दोन्ही हातांत धरला. "बरं मग दादा," ते म्हणाले, "येतो."

"ये," बाबा म्हणाले.

रुआतीनं काकांना स्कूटरवर मागं बसवलं. अंगणातून निघताना तिनं वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर ती गेली नसती. तेईमावशी दारात उभी होती. "मी आहे इथं, जा तू," ती म्हणाली, जीभ झडेल म्हणणारी तीच.

फाटकाचा रस्ता म्हणजे डोंगराच्या कडेला काढलेली लाल ओळ, एरवी अर्ध्या तासाची. पण त्या दिवशी मधल्या वळणावर दरड आली होती आणि यंत्र चिखल उपसत होतं. अलीकडं दोन ट्रक, पलीकडं एक सुमो, सगळे इंजिन बंद करून सुपारी चघळत बसलेले. यंत्रवाला म्हणाला, तासभर लागेल. रुआतीनं स्कूटर तिथंच टाकली. काकांचा हात धरून ती चिखलातनं गुडघाभर रुतत पार झाली. एक चप्पल तिथंच राहिली. पलीकडच्या सुमोवाल्याला तिनं सांगितलं, "मागं फीर. फाटक." काय झालंय हे तिच्या तोंडाकडं बघून त्याला कळलं असावं, त्यानं सुपारी थुंकली आणि गाडी वळवली.

सबंध वाटेत काका एकच बोलले. "दादाचे पाय उघडे तर राहिले नसतील?"

"नाही काका. तुम्ही खोचलंत की नीट."

फाटकाशी पोचले तेव्हा चौकीतला शिपाई आडव्या दांड्याची दोरी हातात घेऊन उभा होता. मैदानी मुलखातला कुणीतरी, आमच्या भाषेतली दोन वाक्यंही न येणारा. त्यानं मनगटावरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं. बिआका खिडकीतनं ओरडला, "आहेत, आहेत, आले." बिआका आणि रुआती एका बाकावर शिकलेले, रविवारी चर्चमधल्या गाणाऱ्यांत एकत्र उभे राहणारे. आज खिडकीच्या आत बसलेला तो तिला वेगळाच वाटला.

"काका, अंगठा," तो म्हणाला.

काकांनी उजवा अंगठा काचेवर ठेवला. यंत्र लाल झालं.

"पुसून ठेवा."

पुसून ठेवला. पुन्हा लाल.

बिआकानं काकांचा हात उलटा करून बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. अंगठ्याच्या पेरावरची कातडी सोलून निघाली होती, खाली लालसर नवी कातडी, गुळगुळीत. पहारीचे फोड. दोन दिवस खडक फोडल्याचे.

"हे कधी झालं?"

"गुरुवारीच," काका म्हणाले. "तू अंगठा घेतलास त्यानंतर."

"यंत्राला जुना अंगठा पाहिजे," बिआका रुआतीला म्हणाला. "बाहेर गेल्याचा अंगठा लागला नाही तर ते आतच आहेत असं धरतं. मी दांडा उघडून त्यांना पलीकडं सोडलं तरी कागदावर ते तुझ्या घरीच राहणार."

"मग काहीतरी कर ना."

"काय करू? मी तुझ्यासाठी हातानं लिहिलं तर उद्या दुसऱ्या कुणासाठी लिहावं लागेल. पुडकीवाल्यालासुद्धा काका असतो, रुआती. यंत्राला नातं कळत नाही, म्हणून तर इथं बसवलंय ते." हे तो कठोरपणे बोलला नाही.

आणि तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजायला लागला.

तिनं काढून पाहिला. तेईमावशी.

ती खिडकीच्या कठड्याला धरून उभी राहिली. मावशी उगीच फोन करणाऱ्यातली नव्हती. फोन उचलला की ऐकावं लागणार, ऐकलं की काका तिच्या चेहऱ्यावर वाचणार, आणि मग दांडा उघडा असो की बंद, हा माणूस इथनं मागं फिरणार. फोन वाजत होता. चर्चच्या घंटेसारखा वाटत होता तिला तो, थांबतच नव्हता.

काका तिच्याकडं बघत होते.

"कुणाचा आहे?" बिआकानं विचारलं.

"शाळेतनं," रुआती म्हणाली, आणि फोनचा आवाज दाबून टाकला.

मान वळवून काकांनी अंगठा पुन्हा काचेकडं नेला. बिआका खुर्चीतनं उठून अर्धा खिडकीबाहेर आला. त्यानं काकांचा अंगठा आपल्या दोन्ही हातांत घेतला, फोड न फुटलेली कड शोधली, आणि तेवढीच काचेवर हलकेच टेकवली. लाल. जरा फिरवली. लाल. शिपाई आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. बिआकानं त्याला हातानं थांबवलं, काकांच्या अंगठ्यावर तोंडानं वाफ सोडली, आणि शेवटची कड टेकवली.

यंत्र हिरवं झालं.

बिआका धपकन खुर्चीत बसला. शिपायानं दांडा वर केला. काकांनी रिकामी पिशवी खांद्याला लावली. रुआतीला वाटलं आता ते काहीतरी विचारतील. त्यांनी विचारलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला, तसाच थोडा वेळ ठेवला, आणि पुलावर गेले. मागं दांडा खाली आला.

ते पलीकडच्या वळणाआड होईपर्यंत ती उभी राहिली. मग फोन लावला.

"गेले गं," तेईमावशी म्हणाली. "तुम्ही घरापुढच्या वळणाच्या पलीकडं गेलात ना, तेव्हाच. शांतपणे गेले. चार वाजून गेल्याशिवाय तुला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण मेलं आपलं भिंतीवरचं घड्याळ पुढं आहे ते विसरले. रोखुमा गेला ना पलीकडं?"

"गेले," रुआती म्हणाली, आणि एका पायात चप्पल, दुसरा चिखलाचा, अशी तिथंच रस्त्यात बसून रडली. बापाला पाठमोरी झाली ती शेवटचीच, आणि काकाशी खोटं बोलली, एका दिवसात दोन्ही. बिआका खिडकी लावून बाहेर आला आणि तिच्याशेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली पोरं थडगं खणायला टेकडीवर निघत होती, तेवढ्यात एक सुमो येऊन थांबली. फाटकाच्या गावचे सात-आठ गडी उतरले, हातात पहारी आणि फावडी. रुआती त्यांतल्या एकालाही ओळखत नव्हती.

"काल फाटकावर कळलं आम्हाला," त्यांतला थोरला म्हणाला. "तुझ्या काकांनी आमच्या आईचं खणलं. त्यांना इथं येता येत नाही, म्हणून त्यांच्या वाटणीचं आम्ही खणू. जागा कुठं आहे?"

तिनं टेकडीकडं हात केला.

दुपारी शवपेटी झाकायच्या आधी काकांचा फोन आला. पलीकडच्या डोंगरावर एक जागा आहे, तिथं उभं राहिलं की आपल्याकडचं नेटवर्क मिळतं. वाऱ्याचा आवाज येत होता.

"काका," रुआती म्हणाली, "मी काल तुमच्याशी..."

"फोन वाजला तेव्हाच कळलं मला," काका म्हणाले. "आपल्याकडं शाळा चारपर्यंत कुठं असते? तू उचलला असतास तर मला मागं फिरावं लागलं असतं. म्हणून मीही विचारलं नाही." मग त्यांनी विचारलं, "पुआन?"

"सगळ्यात आत तुमचंच आहे. तुम्ही खोचलंत तसंच. अंघोळ घालतानासुद्धा मी ते पायापाशीच ठेवलं आणि पुन्हा तसंच घातलं. बाकीच्यांची सगळी वर."

"पट्टे वाकडे आहेत त्याचे."

"असू देत. बाबांना कळलं ना काका, कुणी घातलं ते. बाकी कुणाचं कुणाला कळतं?"

टेकडीवरनं पहारींचे आवाज येत होते. काका ते ऐकत असावेत, तिनं फोन थोडा तिकडं धरला. मग परत कानाला लावला.

"पुढच्या वेळी आलात ना," ती म्हणाली, "की मी दारातच तारीख विचारणार आहे तुम्हाला. कधी आलात आणि कधी जाणार. चहाच्या आधी विचारणार."



"विचार, पोरी," काका म्हणाले. "आता विचारायलाच हवं."